मोफत ऑर्केस्ट्रा प्लगिन्स: कुठली घ्यावीत, कशी बसवावीत आणि आवाज सपाट का येतो

मारवा_मिडी (धागाकर्ता)

एका लघुपटासाठी चारेक मिनिटांचं पार्श्वसंगीत करायचं आहे. तंतुवाद्यं मुख्य, मधे हॉर्न आणि फ्लूट, शेवटाकडे टिंपनी. विकतच्या लायब्ररी (मुद्रित वाद्यांचे संच) घ्यायच्या नाहीत. विंडोज, ८ जीबी रॅम, रीपर (संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) आणि २५ कळांचा मिडी कीबोर्ड एवढं सामान आहे.

प्रश्न तीन:
१. सुरुवात कोणत्या लायब्ररीपासून करावी?
२. काँटॅक्टमध्ये (मुद्रित वाद्यं वाजवणारं प्लगिन) काही मोफत वाद्यं उघडली, पण १५ मिनिटांनी आवाज बंद पडतो. का?
३. व्हायोलिनचे लांब सूर कीबोर्डवरच्या 'स्ट्रिंग्ज' टोनसारखे एकसुरी वाटतात. दोष सॅम्पलचा (मुद्रित सुरांचा) की वाजवण्याचा?

खर्ज_सी

तुमच्या ८ जीबीसाठी पहिलं नाव स्पिटफायरच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हरचं. डाउनलोड साधारण २०० एमबी, त्यात ३३ वाद्यं. ध्वनिमुद्रण लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओतलं आहे आणि प्रत्येक वाद्य वाद्यवृंदातल्या स्वतःच्या जागेवर बसून वाजवलेलं आहे. म्हणजे पहिली व्हायोलिन डावीकडे, चेलो आणि बेस उजवीकडे, ब्रास मागे. पॅनला (आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणारं बटण) हात लावू नका, ते काम आधीच झालेलं आहे. नव्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीत जातो, वेगवेगळ्या खोल्यांतली वाद्यं एका खोलीत बसवणं, ती इथे करावीच लागत नाही.

बसवताना:

कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडा, त्यांचं इन्स्टॉलर ॲप घ्या आणि सॅम्पलचा फोल्डर कुठे ठेवायचा हे पहिल्यांदाच नीट ठरवा. नंतर तो फोल्डर हाताने हलवला की प्लगिन उघडतं पण वाद्य लोड होत नाही. तसं झालं तर पुन्हा डाउनलोड करत बसू नका, त्याच ॲपमध्ये फोल्डरची नवी जागा दाखवायची किंवा दुरुस्तीचा पर्याय वापरायचा.

प्लगिनच्या एका प्रतीत एकच वाद्य उघडतं. तुमच्या तुकड्याला पाच तंतुवाद्यं, हॉर्न, फ्लूट, टिंपनी मिळून आठ ट्रॅक. ८ जीबीत हे आरामात चालतं.

वाजवताना बफर (संगणक एका वेळी तयार करतो तेवढा आवाजाचा तुकडा, नमुन्यांत) १२८ किंवा २५६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे साधारण ५.८ मिलिसेकंद. मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ करा, तडतड थांबेल.

नोंद_६०

प्रश्न २ चं उत्तर. काँटॅक्ट दोन प्रकारचं असतं: पूर्ण, विकतचं काँटॅक्ट आणि मोफत काँटॅक्ट प्लेअर. प्लेअरमध्ये फक्त प्लेअरसाठी परवाना घेतलेल्या लायब्ररी विनाअट चालतात. बाकी कुठलंही वाद्य उघडलं की ते १५ मिनिटं डेमो म्हणून वाजतं आणि मग गप्प होतं. लायब्ररी फुकट आहे याचा अर्थ ती प्लेअरमध्ये चालेल असा होत नाही. डाउनलोड करण्याआधी पानावर 'पूर्ण काँटॅक्ट आवश्यक' असं लिहिलंय का ते पाहा. तसं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्लेअरमध्ये रीतसर चालणारी मोफत गोष्ट हवी असेल तर प्रोजेक्टसॅमची 'द फ्री ऑर्केस्ट्रा' आहे. पण ती चित्रपटी आघात, समूहाचे पोत, तयार रंग अशा अंगाची आहे. ओळ लिहायला नाही, ओळीखाली रंग भरायला वापरा.

पियानोबुक या मोफत सॅम्पलांच्या संकेतस्थळावरही हीच काळजी घ्यायची. तिथे एकाच वाद्याच्या काँटॅक्ट आणि डिसेंट सॅम्पलर अशा दोन आवृत्त्या बऱ्याचदा असतात. डिसेंट सॅम्पलर पूर्ण मोफत आहे आणि त्यात वेळेची मर्यादा नाही, ती आवृत्ती घ्या.

सुतार_एसएफझेड

डिस्कव्हर चांगलंच आहे, पण मी पाया खुल्या स्वरूपावर घालेन. डिस्कव्हरची सॅम्पलं बंद पेटीत असतात: खातं, ॲप, आणि कंपनी देईल तेवढीच बटणं. एसएफझेड वाद्य म्हणजे साध्या वेव्ह फाइली आणि त्यांची मांडणी सांगणारी एक मजकूर फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा, बदला. ॲटॅक (सुराची सुरुवात) हळू वाटला तर तुम्हीच तो कमी करू शकता.

वाजवायला प्लोगचं स्फोर्झांडो किंवा मुक्तस्रोत एसफिझ, दोन्ही मोफत. लायब्ररी तीन:

सोनाटिना सिम्फॉनिक ऑर्केस्ट्रा. मातियास वेस्टलुंड यांची, साधारण ५०० एमबी. जुनी, हलकी. सुरांना बहुतेक एकच तीव्रतेचा थर. मसुदा करायला उत्तम.

व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन. व्हर्सिलियन स्टुडिओजची, सुमारे ३ जीबी. लाकडी फुंकवाद्यं, हार्प आणि तालवाद्यं खरोखर चांगली. आवाज बराच कोरडा, त्यामुळे खोली तुम्ही द्यायची.

व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा. पॉल बॅटर्सबी यांनी सोनाटिना, व्हीएससीओ आणि इतर मोफत संग्रहांतली सॅम्पलं निवडून, सुरात आणून, पातळी जुळवून एक सलग वाद्यवृंद बांधला आहे. तिघांतलं एकच घ्यायचं तर हे.

व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा बसवताना लोक एका जागी हमखास अडकतात. वेव्ह फाइली वेगळ्या झिपमध्ये आणि स्क्रिप्ट वेगळ्या झिपमध्ये येतात. दोन्ही एकाच मुख्य फोल्डरमध्ये उघडायच्या, कारण स्क्रिप्ट 'लिब्स' नावाच्या फोल्डरकडे सापेक्ष पत्त्याने बोट दाखवते. स्क्रिप्ट डेस्कटॉपवर आणि वेव्ह दुसरीकडे अशी फाटाफूट केली की वाद्य लोड झाल्यासारखं दिसतं आणि सूर एकही वाजत नाही. लिनक्सवर आणखी एक अडचण येते: फाइलच्या नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं तंतोतंत जुळावी लागतात.

स्क्रिप्टांत साध्या आणि 'परफॉर्मन्स' अशा दोन जाती आहेत. तुम्ही परफॉर्मन्स घ्या. त्यात जोर मॉड व्हीलवर (कीबोर्डवरचं चाक) असतो आणि कळ किती जोरात दाबली यावर सुराची सुरुवात ठरते. ओळ वाजवायला तीच हवी.

मारवा_मिडी

दोन्ही उतरवली. परफॉर्मन्स स्क्रिप्टमधलं व्हायोलिन लोड झालं, पडद्यावर कळा हलताना दिसतात, आवाज नाही. फोल्डर एकच आहे, तपासलं. आणि डिस्कव्हरमध्ये माहितीपत्रात सांगितलेली कीस्विचची (वाजवण्याचं तंत्र बदलणारी) कळ दाबली तर तंत्र बदलत नाही.

नोंद_६०

पहिलं: मॉड व्हील शून्यावर आहे. वर सरकवा, आवाज येईल. प्रोजेक्ट बंद करून उघडलं की पुन्हा हाच घोळ होऊ शकतो, कारण कंट्रोलरची किंमत प्लगिनला दरवेळी नव्याने कळवावी लागते. प्रत्येक ट्रॅकच्या अगदी पहिल्या मात्रेआधी सीसी१ ची (मॉड व्हीलचा मिडी कंट्रोलर) एक किंमत लिहून ठेवा, समजा ६०. सीसी११ वापरणार असाल तर त्याचीही, १००.

दुसरं: सप्तकांच्या क्रमांकाचा घोळ. मिडी नोट ६० ला काही सॉफ्टवेअर सी३ म्हणतात, काही सी४. माहितीपत्र एक पद्धत वापरतं, तुमचा पियानो रोल (सूर पट्ट्यांसारखे दाखवणारी खिडकी) दुसरी, आणि तुम्ही बरोबर एक सप्तक चुकीच्या कळेवर असता. डिस्कव्हरच्या पडद्यावरच्या कळपट्टीत कीस्विच वेगळ्या रंगात दिसतात. माउसने त्या कळेवर टिचकी मारा, तंत्र बदलतंय का पाहा आणि पियानो रोलमध्ये सप्तक त्यानुसार जुळवा.

खरं तर कीस्विच टाळाच. गाणं मधूनच सुरू केलं की आधी येऊन गेलेला कीस्विच प्लगिनला कळत नाही आणि लांब सुरांच्या जागी पिझ्झिकाटो (बोटाने छेडलेले सूर) वाजतो. लांब सूर एका ट्रॅकवर, स्पिकाटो (गजाचे आखूड, उसळते सूर) दुसऱ्यावर, पिझ्झिकाटो तिसऱ्यावर ठेवा. डिस्कव्हर इतकं हलकं आहे की ट्रॅक वाढल्याने काही बिघडत नाही. वेळेच्या हिशेबातही याचा फायदा आहे, तो पुढे कोणीतरी सांगेलच.

गज_आणि_राळ

प्रश्न ३ वर सविस्तर लिहितो, कारण मोफत लायब्ररींची बदनामी बहुतेक इथेच होते. लोक सॅम्पल बदलत राहतात आणि वाजवणं तेच राहतं.

पियानोत कळ दाबली की सुराचं पुढचं भवितव्य ठरलेलं असतं. गजाच्या वाद्यात सूर सुरू झाल्यावर तो वाढतो, थांबतो, ओसरतो, आणि हे सगळं वादकाच्या हातात असतं. संगणकावर तो हात म्हणजे सीसी१. लांब सुरावर सीसी१ स्थिर ठेवलात की कितीही महाग लायब्ररी निर्जीव वाटेल.

उदाहरण घ्या. लय ७२, चार मात्रांचा एक सूर, पहिली व्हायोलिन. सीसी१ असा काढा: सुरुवातीला ४२, दुसऱ्या मात्रेला ५५, तिसऱ्या मात्रेच्या थोडं आधी ७२, तिथून चौथ्या मात्रेच्या शेवटापर्यंत ५०. पुढचा सूर ५० वरच उचला, ४२ वर परत जाऊ नका, नाहीतर प्रत्येक सुराला सारखीच फुगवटी येते आणि ऐकणाऱ्याला हेलकावे जाणवू लागतात. वाक्याचा कळस कुठे आहे ते आधी ठरवा. चार आवर्तनांच्या ओळीत तो साधारण तिसऱ्या आवर्तनात येतो, तिथे ९० पर्यंत जा. बाकी सगळं त्याच्या खाली राहू द्या. १२७ हा आकडा संपूर्ण तुकड्यात एखाद्याच जागी दिसला पाहिजे.

सीसी१ आणि सीसी११ यांची गल्लत करू नका. स्पिटफायरच्या भाषेत सीसी१ म्हणजे डायनॅमिक्स, गज किती जोरात. त्याने जिथे थर आहेत तिथे आवाजाचा रंगही बदलतो. सीसी११ म्हणजे एक्स्प्रेशन, नुसती पातळी. सूर अगदी शून्यात विरायला हवा असेल तिथे सीसी११ खाली आणा, कारण सीसी१ शून्यावर नेला तरी सगळ्यात मऊ थर वाजतच राहतो. हे डिस्कव्हरबद्दल. परफॉर्मन्स स्क्रिप्टमध्ये वर म्हटल्याप्रमाणे सीसी१ शून्यावर शांतता असते.

हे वक्र माउसने काढण्यापेक्षा व्हील हलवत रेकॉर्ड करा. आधी नुसते सूर रेकॉर्ड करा, मग दुसऱ्या फेरीत रीपरमध्ये ट्रॅकचा रेकॉर्ड मोड मिडी ओव्हरडबवर ठेवून फक्त व्हील. प्रत्येक वाद्याची फेरी वेगळी करा. पहिल्या व्हायोलिनचा वक्र कॉपी करून व्हायोला आणि चेलोवर चिकटवला तर पाचही वाद्यं एकाच श्वासात फुगतात, तो नकलीपणा लगेच ऐकू येतो.

आणि व्हेलॉसिटी, म्हणजे कळ किती जोरात दाबली ते? लांब सुरांत तिचा प्रभाव लायब्ररीनुसार बदलतो, पण स्पिकाटो, पिझ्झिकाटो, टिंपनी यांचा जोर तिच्यावरच चालतो. सोळांशांच्या (एका मात्रेत चार सूर) ओळीत सगळ्या ९० ठेवू नका. मात्रेवरची ९५, बाकीच्या ७० ते ८२ मध्ये, थोड्या अनियमित.

लयपश्चिम

वरच्याला +१. आता वेळेबद्दल.

तंतुवाद्यांचा लांब सूर कळ दाबताक्षणी भरत नाही, गज तारेवर धरायला वेळ घेतो आणि तो वेळ सॅम्पलमध्ये मुद्रित असतो. पियानो रोलमध्ये सगळं मात्रेवर बसलेलं दिसतं आणि कानाला व्हायोलिन मागे ओढत असल्यासारखे वाटतात. डीएडब्ल्यूची (रीपर, क्युबेससारख्या सॉफ्टवेअरची) विलंब भरपाई इथे उपयोगी नाही. ती प्लगिनने स्वतः जाहीर केलेला विलंब भरून काढते, सॅम्पलमधला ॲटॅक नाही.

अंदाज करत बसू नका, मोजा. लय ६० ठेवा म्हणजे एक मात्रा बरोबर एक सेकंद. दुसऱ्या मात्रेवर एक सूर लिहा, ट्रॅक ऑडिओत रेंडर करा, लाट मोठी करून पाहा. मात्रेच्या रेषेपासून आवाज भरीव होईपर्यंत किती मिलिसेकंद गेले? समजा ८० गेले. रीपरमध्ये ट्रॅकच्या राउटिंग खिडकीत मीडिया प्लेबॅक ऑफसेट असतो, तिथे उणे ८० लिहा. क्युबेसमध्ये हेच ट्रॅक डिले, इन्स्पेक्टरमध्ये मिळेल. स्पिकाटोचा आकडा वेगळा येईल, बहुतेक खूप लहान. म्हणूनच लांब आणि आखूड सूर वेगळ्या ट्रॅकवर हवेत, नोंद_६० म्हणाले तो फायदा हाच.

ऑफसेट लावलेल्या ट्रॅकवर थेट वाजवून रेकॉर्ड करताना आपण नकळत आधीच पुढे वाजवलेलं असतं. मग दुहेरी भरपाई होऊन सूर मात्रेच्या आधी येतात. तेव्हा एकतर क्वांटाइझ करून (सूर बरोबर मात्रेवर बसवून) ऑफसेट लावा, नाहीतर वाजवलेलं जसंच्या तसं ठेवा आणि ऑफसेट काढा. दोन्ही एकत्र नको.

क्वांटाइझ केल्यावर सूर मागेपुढे विस्कटायचे तर ५ ते १० मिलिसेकंद पुरे. त्यापुढे वाद्यवृंद सैल वाटतो.

सुतार_एसएफझेड

एसएफझेडमध्ये हे मुळातच दुरुस्त करता येतं. ऑफसेट नावाचा ओपकोड (मजकूर फाइलमधली सूचना) सॅम्पल किती नमुने पुढून सुरू करायचं ते सांगतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला २२०५ म्हणजे ५० मिलिसेकंद. नुसतं कापलं तर टिचकी ऐकू येते, म्हणून सोबत ॲम्प्लिट्यूड एन्व्हलपचा ॲटॅक ०.०२ सेकंद द्या. लांब सुरांची ही 'जलद' प्रत वेगळ्या नावाने जतन करा आणि पळत्या ओळींना वापरा, मूळ फाइल संथ ओळींसाठी राहू द्या.

ब्रासबद्दल एक गोष्ट, कारण हॉर्न लागणार आहेत. ब्रास मोठ्याने वाजतो तेव्हा तो नुसता मोठा होत नाही, वरचे स्वरांश उजळतात, आवाज तळपतो. सोनाटिनासारख्या एकथरी वाद्यात सीसी१ वर नेला की मऊ हॉर्न फक्त मोठा होतो, आणि कान लगेच सांगतो की काहीतरी खोटं आहे. उपाय: सीसी१ ला लोपास (ठरावीक सीमेच्या, म्हणजे कटऑफच्या वरचा आवाज कापणारा) फिल्टर जोडा. फाइलच्या वरच्या ग्रुपमध्ये कटऑफ १५०० हर्ट्झ लिहा, फिल्टरचा प्रकार एक-ध्रुवी म्हणजे सौम्य उताराचा ठेवा आणि सीसी१ वर ३६०० सेंटची वाढ द्या. ३६०० सेंट म्हणजे तीन सप्तकं, म्हणून व्हील पूर्ण वर असताना कटऑफ १२,००० हर्ट्झला पोहोचतो. खाली मऊ, वर उजळ. मूळ सॅम्पल जोरात वाजवलेलं असेल तर हे फार छान लागतं. मूळच मऊ असेल तर उजळायला वरचे स्वरांशच नसतात, मग फिल्टर काय उघडणार. म्हणून दोन थरांची निवड असेल तर जोरातलं सॅम्पल घ्या.

फाइलला हात लावायचा नसेल तर रीपरमधल्या कुठल्याही ईक्यूचा लोपास ऑटोमेट करून हेच साधता येतं.

खर्ज_सी

@सुतार, तुमच्या खुल्या स्वरूपाच्या मुद्द्याला मान्यता आहे, पण धागाकर्त्यांना चार मिनिटांचा तुकडा पूर्ण करायचा आहे. फाइली कोरत बसण्यात आठवडा जातो. डिस्कव्हर कणा, एसएफझेड पुरवणी, असं मी म्हणेन. डिस्कव्हरचा कमीपणाही सांगतो. खरा लेगाटो नाही, म्हणजे दोन सुरांमधली सरक मुद्रित केलेली नाही, आणि तीव्रतेचे थर मोजके आहेत. उघड्यावर एकट्याने गाणारी ओळ त्यावर टाकू नका.

लेगाटोचा आभास असा: पुढचा सूर मागच्यावर ३० ते ६० मिलिसेकंद चढवा आणि जोडणीच्या क्षणी सीसी१ आठ-दहाने खाली आणून परत वर न्या. गजाची दिशा बदलते तेव्हा अगदी एवढीच बुडकी असते. सूर तोडून मधे फट ठेवली तर प्रत्येक सुराचा ॲटॅक उघडा पडतो.

दुसरा उपाय म्हणजे समूहाखाली एक एकल व्हायोलिन मिसळणं. व्हीएससीओतलं एकल व्हायोलिन समूहापेक्षा साधारण १२ डेसिबल खाली ठेवा. ते वेगळं ऐकू येता कामा नये, बंद केल्यावर मात्र ओळ बोथट वाटली पाहिजे.

सुतार_एसएफझेड

कणा आणि पुरवणी, ठीक आहे. हॉर्नची उघडी ओळ असेल तिथे तरी माझी फिल्टरची युक्ती करून पाहा म्हणजे झालं.

मारवा_मिडी

सीसी१ आणि ऑफसेटने जमीन-अस्मानाचा फरक पडला. तंतुवाद्यं आता श्वास घेतात. उरलेली अडचण: एकाच सुरावरचे सोळांश ठोकळ्यासारखे येतात आणि शेवटचा मोठा कॉर्ड चिखल होतो. कॉर्ड मी दोन्ही हातांनी पहिल्या व्हायोलिनच्या ट्रॅकवर वाजवला आहे.

गज_आणि_राळ

चिखल तिथेच आहे. बीबीसीच्या या संचात पहिली व्हायोलिन १६ आहेत. तीन सुरांचा कॉर्ड त्या ट्रॅकवर वाजवला की ४८ व्हायोलिन झाली, सहा सुरांचा असेल तर ९६. प्रत्यक्षात तेच १६ जण सूर वाटून घेतात. शिवाय व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर मिडी ५५, त्याखाली काही सॅम्पलर सूर ताणून वाजवतात आणि आवाज फाटतो.

कॉर्ड वाटा, एका वाद्याला एक सूर. सी मेजर असा: डबल बेस ३६, चेलो ४८, व्हायोला ५५, दुसरी व्हायोलिन ६४, पहिली ७२. खाली अंतरं मोठी, वर जवळ. मिडी ४८ च्या खाली तिसरा सूर म्हणजे गांधार ठेवू नका, गढूळपणाचं निम्मं कारण ते असतं. सीमा लक्षात ठेवा: व्हायोला ४८ पासून, चेलो ३६ पासून, डबल बेस २८ पासून. हॉर्न मधल्या पट्ट्यात, व्हायोलाच्या आसपास, दोन सुरांत.

नोंद_६०

ठोकळ्यांचं कारण: तेच एक सॅम्पल पुन्हापुन्हा वाजतं. मोठ्या लायब्ररीत एका सुराची तीन-चार मुद्रणं आळीपाळीने येतात, त्याला राउंड रॉबिन म्हणतात. मोफत संचांत ती कमी असतात किंवा नसतातच.

एसएफझेडमध्ये शेजाऱ्याचं सॅम्पल उसनं घेता येतं. सॅम्पल सहसा दर दोन-तीन सुरांमागे एक असतं. पहिल्या रांगेत नेहमीची मांडणी ठेवा. दुसऱ्या रांगेत प्रत्येक सॅम्पलचा पट्टा एवढा सरकवा की त्याच कळेवर शेजारचं सॅम्पल येईल. मूळ स्वराची कळ तीच ठेवली की सूर आपोआप बरोबर लागतो. मग क्रमाची लांबी २, पहिल्या रांगेला स्थान १, दुसरीला २. दोन खरोखर वेगळी मुद्रणं आलटून पालटून वाजू लागतात. तीन सुरांहून जास्त ताणू नका, रंग बदलतो.

डिस्कव्हरमध्ये हे करता येत नाही. तिथे व्हेलॉसिटी बदलत ठेवा, आणि सोळांश सलग एकाच वाद्याला देण्याऐवजी पहिली आणि दुसरी व्हायोलिन यांच्यात दोन-दोन मात्रांनी वाटा.

टिंपनीचा घुमारा तर सुटे ठोके लिहून कधीच करू नका. रोलचं वेगळं सॅम्पल असतं, ते लावा आणि चढ सीसी१ ने द्या.

लयपश्चिम

हॉलबद्दल थोडं, कारण व्हीएससीओ आणि डिस्कव्हर एकत्र येणार.

लायब्ररी किती कोरडी ते ओळखायला तिच्यातला रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) बंद करा, एक आखूड सूर वाजवा आणि शेपूट ऐका. डिस्कव्हरमध्ये स्टुडिओची खोली ऐकू येते, व्हीएससीओ लगेच संपतं. टोकाचं उदाहरण आयोवा विद्यापीठाच्या सॅम्पलांचं: त्यातली बरीच प्रतिध्वनिरहित कक्षात घेतलेली आहेत, शेपूट शून्य.

कोरड्या वाद्याला आधी स्वतःच्या ट्रॅकवर एक छोटी खोली द्या, ०.६ ते ०.८ सेकंद, मिश्रण २० टक्क्यांच्या आत. ते डिस्कव्हरच्या खोलीच्या जवळ आलं की मग सगळ्यांना एकाच हॉलमध्ये पाठवा. हॉल सेंडवर (सगळे ट्रॅक जिथे पाठवायचे तो सामायिक ट्रॅक), पूर्ण ओला म्हणजे नुसता रिव्हर्ब, २ सेकंदांच्या आसपास. हॉलच्या आधी ईक्यू लावून १५० हर्ट्झच्या खालचं आणि ७-८ हजारांच्या वरचं कापा. डिस्कव्हरचा सेंड कमी, व्हीएससीओचा जास्त. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा हॉल टाकला तर वाद्यं वेगवेगळ्या इमारतींत बसल्यासारखी वाटतात, आणि ८ जीबीचा संगणकही दमतो.

मोफत रिव्हर्बात ओरिलरिव्हर चांगला. खऱ्या जागांचे इम्पल्स (त्या जागेच्या घुमाऱ्याची मुद्रणं) वापरायचे तर मेल्डाचं एमकन्व्होल्यूशनईझी.

वाचकखूण

परवान्याचं कोणी बोललं नाही. लघुपट बाहेर जाणार असेल तर हे आधी पाहा.

व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन क्रिएटिव्ह कॉमन्स झिरो परवान्याखाली आहे, म्हणजे जवळजवळ कुठलीच अट नाही. संगीत विका, सॅम्पल बदला, पुढे द्या. स्पिटफायर, प्रोजेक्टसॅम यांची मोफत वाद्यं मोफत असली तरी मालकी हक्काची: त्यातून केलेलं संगीत तुमचं, पण सॅम्पल किंवा त्यातून बनवलेलं नवं वाद्य वाटता येत नाही. लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राची सुटी सॅम्पलं मिळतात, त्यांचीही तीच अट.

सोनाटिना क्रिएटिव्ह कॉमन्स सॅम्पलिंग प्लस १.० खाली आली. त्या परवान्याच्या मजकुरात जाहिरातीसाठी वापरावर बंधन आहे, नव्या कलाकृतीची स्वतःची प्रसिद्धी सोडून. लघुपटाला अडचण नाही, पण उत्पादनाच्या जाहिरातीचं काम असेल तर सोनाटिनाऐवजी व्हीएससीओ वापरा.

अवांतर: म्यूझस्कोर ४ या नोटेशनच्या सॉफ्टवेअरसोबतचे म्यूझ साउंड्सही मोफत आणि फार चांगले आहेत, पण ते म्यूझस्कोरमध्येच वाजतात, रीपरमध्ये प्लगिन म्हणून उघडत नाहीत. नोटेशन लिहिणारे असाल तर एकेक पार्ट ऑडिओत काढून रीपरमध्ये आणता येतो.

खर्ज_सी

आणखी एक. जुन्या याद्यांमधून 'मोफत ऑर्केस्ट्रा व्हीएसटी' उतरवाल तर त्यातली पुष्कळ ३२ बिटची आहेत. मॅकवर कॅटालिनापासून म्हणजे २०१९ पासून ती चालतच नाहीत. विंडोजवर रीपर ती ब्रिजने (मधल्या जोड-प्रोग्रॅममधून) चालवतो, पण त्यांच्यासाठी त्रास घेण्यासारखा आवाज त्यात क्वचितच असतो.

मारवा_मिडी

कॉर्ड वाटला, मोकळा झाला. हॉर्नची ओळ व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रावर फिल्टर लावून केली, बाकी डिस्कव्हर. शेवटचा प्रश्न: चित्रपटासाठी रेंडर कसं द्यायचं? संकलक सुटे ट्रॅकही मागत आहेत.

लयपश्चिम

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. प्रोजेक्ट ४४.१ वर असेल तर रेंडरच्या वेळी ४८ निवडा, मधे मूळ प्रोजेक्ट बदलू नका.

सुट्या ट्रॅकांसाठी तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, ब्रास, तालवाद्यं असे चार गट करा. हॉल एकच सेंड असल्यामुळे गट सोलो करून एकेक रेंडर करा, म्हणजे प्रत्येकासोबत त्याच्या वाटणीचा हॉल जाईल. मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं प्लगिन) त्या वेळी काढा, नाहीतर चार गटांची बेरीज मूळ मिक्सशी जुळणार नाही. सगळ्या फाइली शून्य वेळेपासून सुरू करा आणि शेवटच्या सुरानंतर ५ सेकंद मोकळे ठेवा, हॉलची शेपूट तुटायला नको. शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिलं तर संवादांसोबत मिसळणाऱ्याला जागा मिळते.

उणे ऑफसेट लावलेले ट्रॅक पहिल्या मात्रेवर सुरू होत असतील तर पहिल्या सुराची सुरुवात कापली जाते. म्हणून रेंडरआधी संपूर्ण तुकडा एक आवर्तन पुढे सरकवा आणि किती सरकवला ते फाइलच्या नावात लिहा.